कौलांवरचा लाल पट्टा

मित्रांनो, मी एक जुना, लाल रंगाचा, दोन चाकांचा धुलाईचा पंप आहे. नळाचं साधं पाणी एका बाजूने माझ्या पोटात शिरतं आणि दुसऱ्या बाजूने अशा जोरात बाहेर पडतं, की दगडावरचा दहा वर्षांचा मळ चुटकीसरशी निघून जातो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच. जन्मभर मोठ्याने घरघरत काम केलेल्याला हळू बोलायची सवय उशिरा लागते, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाच दिवशी आम्ही साठ भावंडं तयार झालो. तपासणीच्या टेबलापाशी एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्या प्रत्येकाला पाणी जोडून समोरच्या रंगवलेल्या पत्र्यावर धार मारून बघत. माझ्या धारेने पत्र्यावरचा हिरवा रंग सालीसारखा सोलून निघाला. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हा भलताच जोरदार आहे हं," असं म्हणून त्यांनी माझ्यावर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात हवा गेली. रंग सोलणं हा गुण की अवगुण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मला विकत घेतलं ते छपरं आणि अंगणं धुऊन देणाऱ्या एका माणसाने. काम संपलं की हा माणूस दोन पावलं मागे जाई, कमरेवर हात ठेवी आणि "चकाचक!" असं ओरडे. त्यामुळे सगळे त्यांना चकाचक भाऊ म्हणत. त्यांच्या बायकोला सगळे नुसतं वहिनी म्हणत. वहिनींनी आधी अकरा वर्षं एका मोठ्या लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर काम केलं होतं. ती लाँड्री बंद झाल्यावर त्या भाऊंच्या कामात आल्या. शिडी धरणं, पन्हळीतला कचरा काढणं आणि भाऊंनी गिऱ्हाइकाला दिलेली भरमसाट आश्वासनं हळूच थोडी कमी करून सांगणं, ही त्यांची कामं.

भाऊंची एक खास पद्धत होती. कुठलंही छप्पर धुताना ते कडेपासून सुरुवात करत नसत. रस्त्याकडच्या बाजूला, अगदी मधोमध, वरपासून खालपर्यंत ते आधी एक रुंद पट्टा धुऊन काढत. दोन्हीकडे हिरवंकाळं शेवाळ आणि मध्ये तो लखलखीत पट्टा. त्याला ते 'नमुना' म्हणत. पट्टा झाला की मला बंद करून ते निवांत चहा पीत बसत. जाणारेयेणारे थांबून तोंडात बोटं घालत आणि त्यातला एखादा हमखास विचारी, "आमच्याकडे कधी येता?" दगडी पायऱ्या असोत, सिमेंटचं अंगण असो की ट्रकच्या चाकांना लागलेला चिखल असो, माझा नमुना खरंच देखणा दिसे. भाऊ घरी गेल्यावर मला कोरड्या फडक्याने पुसून ठेवत. इतके लाड क्वचितच कुणा पंपाचे झाले असतील.

मग एक दिवस वहिनींनी एक निळी टाकी आणली. पाठीला अडकवायची, हाताने दांडा खालीवर करायचा, की तिच्या नळीतून बारीक फवारा निघे. मी तिला पाहिलं आणि मला हसू आवरेना. फवारा कसला, शिंक होती ती! वहिनी टाकीत पाणी, थोडं ब्लीच आणि साबणाचं मिश्रण मापाने घालत, ते शेवाळावर शिंपडत आणि मग चक्क काहीही करत नसत. नुसत्या थांबत.

"अहो, डाग बडवून जात नाही," त्या भाऊंना सांगत. "भिजत ठेवला की आपणहून सुटतो. शेवाळ मुळापासून मेलं पाहिजे. तुम्ही नुसतं वरचं उडवता, वर्षभरात ते परत हजर."

"तू शिंपडत बस," भाऊ म्हणत. "गिऱ्हाइकाला पत्र पाठवू, सहा महिन्यांनी वर बघा म्हणून."

खरं सांगायचं तर टाकीची सुरुवातही फजितीनेच झाली. पहिल्याच कामात वहिनी खालची फुलझाडं ओली करून झाकायला विसरल्या. छपरावरून ओघळलेलं औषध वाफ्यात उतरलं आणि आठवड्याभरात पानं पिवळी पडली. वहिनींनी स्वतः जाऊन माफी मागितली, नवी रोपं लावून दिली. त्यानंतर झाडांना आधी भरपूर साधं पाणी, वर प्लास्टिक, हातात मोजे आणि डोळ्यांना चष्मा, हे केल्याशिवाय त्यांनी टाकीचं झाकण कधी उघडलं नाही. भाऊंनी मात्र ती पिवळी पानं महिनाभर चघळली. मीही मनातल्या मनात खूप हसलो.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला बसलो, ते सांगतो.

एका वळणावरच्या दुमजली घरात एक आजोबा राहत. व्हायोलिन दुरुस्त करणं आणि क्वचित नवीन घडवणं हे त्यांचं काम. खालच्या खोलीत तारेला ओळीने व्हायोलिनं टांगलेली असत आणि सरसाचा वास दारापर्यंत येई. त्यांची नजर अधू झाली होती, पण कान अजून शाबूत होते. वरच्या माळ्यावर, कौलांच्या अगदी खाली, तुळयांवर दोन फळ्या ठेवलेल्या होत्या. नात जन्मली त्या वर्षी आजोबांनी त्या वाळत ठेवल्या होत्या. एक व्हायोलिनच्या पुढच्या अंगासाठी, एक पाठीसाठी. नात आता एकोणीस वर्षांची झाली होती. दुसऱ्या गावात संगीत शिकत होती आणि उसन्या व्हायोलिनवर वाजवत होती. त्या वर्षी आजोबा तिचं व्हायोलिन घडवायला घेणार होते. पण कौलांवरचं शेवाळ दिवसभर पाणी धरून ठेवू लागलं आणि माळ्यावर ओलसर वास यायला लागला, म्हणून त्यांनी भाऊंना बोलावलं.

"छप्पर दिसायला कसं का असेना," आजोबा म्हणाले. "माझ्या फळ्या कोरड्या राहिल्या पाहिजेत, भाऊ. काम एवढंच."

"आजोबा, तुम्ही निर्धास्त राहा," भाऊ म्हणाले आणि मला गाडीतून उतरवू लागले.

वहिनी शिडीवर चढून कौलं बघून आल्या. "फार जुनी आहेत हो. इथे टाकीच बरी. आणि पंप लावायचाच असेल तर आधी मागच्या बाजूला एकदोन कौलांवर करून बघा."

"अगं, मागच्या बाजूला बघणार कोण?"

भाऊंनी माझी नळी उचलली आणि रस्त्याकडच्या बाजूला, मधोमध, नमुना काढायला घेतला.

मित्रांनो, पहिल्याच कौलावर मला कळलं होतं. शेवाळाबरोबर बारीक लाल पूड उडत होती. भट्टीत भाजताना कौलाला वरून जी कडक कातडी येते, तीच मी सोलत होतो. शिवाय भाऊ खालून शिडीवरून वरच्या दिशेने धार मारत होते, त्यामुळे पाणी कौलांच्या सांध्यांतून आत घुसत होतं. मला बंद करायचं बटण माझ्या हातात नाही, ही खरी गोष्ट. पण रस्त्यावर सहा-सात माणसं माना वर करून उभी होती आणि मला ती हवीहवीशी वाटत होती, हीसुद्धा खरीच गोष्ट. त्याची मला अजून लाज वाटते.

पट्टा झाला. मला बंद केलं. लोक वाहवा करत होते, तेवढ्यात माळ्याची छोटी खिडकी उघडली आणि आजोबांचा हात बाहेर आला. त्यांनी खिडकीलगतच्या शेवाळलेल्या कौलावर बोटाचं पेर आपटलं. खण्ण. मग हात लांब करून पट्ट्यातल्या कौलावर आपटलं. भद्. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. भद्, भद्.

"ही तडकलीत," ते म्हणाले.

"अहो आजोबा, कौलं आहेत ती, व्हायोलिनं नाहीत," भाऊ हसत म्हणाले. पण चहाचा कप त्यांनी खाली ठेवला होता. वहिनी हसल्या नाहीत. त्या मुकाट्याने गाडीतली ताडपत्री काढायला गेल्या.

ताडपत्री शिडीपर्यंत येईतो पाऊस आला. भर दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. सोललेली कौलं पाणी पिऊ लागली, तडकलेल्यांतून ते सरळ खाली ठिबकू लागलं. पट्टा होता मधोमध आणि फळ्याही होत्या मधोमध. भाऊ दोन-दोन पायऱ्या चढत माळ्यावर धावले, वहिनी ताडपत्री घेऊन छपरावर. मी अंगणात भिजत उभा होतो. वरून भाऊंचा आवाज आला, "अगं, लवकर ओढ गं, लवकर!" त्या आवाजात मी पहिल्यांदाच रडू ऐकलं.

एक फळी कोरडी मिळाली. पाठीसाठी ठेवलेली दुसरी फळी एका टोकाला गच्च भिजली होती. आजोबांनी अंगातल्या सदऱ्यानेच ती पुसली. "आजोबा, मी..." भाऊ म्हणाले.

"आता महिनाभर थांबायचं," आजोबा म्हणाले. ते रागावले असते तर भाऊंना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी जुनी इमारत पाडलेल्या ठिकाणाहून चांगली कौलं शोधून आणली, एकेक वाजवून घेतली आणि सगळा पट्टा बदलला. मग त्यांनी निळी टाकी आपणहून पाठीला अडकवली. वहिनी खालून सांगत होत्या आणि भाऊ ऐकत होते, हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. खालची झाडं झाकली, पन्हळीचं पाणी बादलीत धरलं, मंद फवारा मारला, वाट पाहिली, साध्या पाण्याने हलकेच धुतलं. पहिल्या आठवड्यात काहीच दिसलं नाही. जाणारेयेणारे वर बघायचे आणि पुढे निघून जायचे. दुसऱ्या आठवड्यात शेवाळ तपकिरी झालं, मग भुसभुशीत झालं आणि पुढच्या दोन-तीन पावसांत आपणहून गळून गेलं. कौलांना ओरखडाही आला नाही. माळ्यावरचा ओलसर वास गेला. वाहवा करायला तिथे कुणी नव्हतं. भाऊ शिडीवर बसून बराच वेळ ती कौलं बघत राहिले.

महिन्याने आजोबांनी फळ्या खाली आणल्या. त्यांनी भाऊंना आणि वहिनींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पहिली फळी कानाशी धरून त्यांनी पेराने वाजवली. ती छान बोलली. दुसरीवर मात्र टोकापासून मध्यापर्यंत केसाएवढी चीर गेली होती. आजोबांनी तीही वाजवली, दोनदा वाजवली आणि हळूच बाजूला ठेवली.

नातीचं व्हायोलिन झालं. पाठीला दुकानातून आणलेली दुसरी फळी लावावी लागली. सुट्टीत नात आली, अंगणात उभी राहून तिने ते वाजवलं. मी कोपऱ्यातच होतो. मला तर ते फार गोड वाटलं. नातीचे डोळे भरून आले, तिने आजोबांना मिठी मारली. ती आत गेल्यावर भाऊंनी घाबरत घाबरत विचारलं, "चांगलं झालंय ना, आजोबा?"

"चांगलं झालंय," आजोबा म्हणाले. "मी एकोणीस वर्षं मनात ऐकत होतो, ते हे नव्हे."



त्याच संध्याकाळी आजोबांनी एक नवी, ओली फळी काढली. पेन्सिलने तिच्यावर तारीख घातली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस वीस वर्षांनी वाळणारी फळी ठेवत होता. भाऊंनी ती दोन्ही हातांनी उचलून माळ्यावर नेली आणि तुळयांवर ठेवली. खाली आल्यावर आजोबा त्यांना म्हणाले, "ही वाळेल तेव्हा मी नसेन. वरचं छप्पर तुमच्याकडे लागलं."

आजोबा त्याच वर्षी गेले, त्याला आता सात वर्षं झाली. भाऊ आणि वहिनी दरवर्षी त्या घरी जातात. टाकी वर जाते, मी खाली दगडी अंगण धुतो. माझा रंग उडाला आहे, एक चाक डगमगतं, हिवाळ्यात भाऊ मला कधीकधी शेडमध्ये विसरूनही जातात. मला त्याचं वाईट वाटत नाही. दगडावर मी अजूनही कुणाला ऐकत नाही!

मित्रांनो, तुमच्याही हातात कधी ना कधी जोर येईल. कुणाच्या हातात, कुणाच्या आवाजात, कुणाच्या नुसत्या शब्दात. तो लावण्याआधी समोरचं काय आहे ते हलक्या हाताने वाजवून बघा, आणि तेही कुणी बघत नसेल अशा बाजूला. मळ आज नाही तर महिन्याने निघतो. त्या फळीला अजून तेरा वर्षं वाळायचं आहे आणि तिच्यावर पाण्याचा एक थेंब पडू नये म्हणून साठीला आलेला एक माणूस दरवर्षी शिडी चढतो.