कोंबडी न पाहिलेलं अंडं

मी एक यीस्ट आहे. नुसत्या डोळ्यांना मी दिसत नाही आणि एकटी तर कधीच नसते. माझ्या अंगाला कोंब फुटतो, तो सुटून वेगळा होतो, मग आई कोण, लेक कोण आणि यातली मी कोण, हे माझं मलाच समजत नाही. तरी जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते.

माझे नातलग तुमच्या ओळखीचे असतील. कुणी ताडीत असतात, कुणी बेकरीत पावाच्या पिठात. मी मात्र कामण गावात, गोदामांच्या मागे एका लहानशा कंपनीत, स्टीलच्या टाकीत राहते. प्रयोगशाळेत माझ्या पेशीत एक सूचना बसवली आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात जे मुख्य प्रथिन असतं, ते तयार करायची. कोंबडीकडे ही सूचना जन्मापासूनच असते. माझ्यासाठी ती संगणकावर लिहून यंत्रात घडवली. मी कधी कोंबडी पाहिलेली नाही.

मी साखर खाते आणि ते प्रथिन बाहेर सोडते. माणसं ते गाळतात, वाळवतात, त्याची पांढरी भुकटी करतात. मग टाकीला वाफ देतात आणि आमची पिढी संपते. फ्रीजरमध्ये जपून ठेवलेल्या थोड्या भावंडांपासून पुढची पिढी सुरू होते.

माझी टाकी गिरीज गावची ॲनिशा सांभाळते. तापमान पाहताना ती शेजारची टाकी सांभाळणाऱ्या संकेतशी बोलत असते. माणसांचं मला जे काही कळतं, ते तिच्याकडूनच. हल्ली ती कमी बोलत होती. तिचे पप्पा, व्हिन्सेंट, चर्चमध्ये गातात. त्यांच्या घशात गाठ निघाली, तिचा तुकडा तपासायला पाठवला, आणि डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. तिच्या आईने, मटिल्डाने, नवस केला होता. उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मांस, मासळी, अंडं काही खाणार नाही, पण यांचा रिपोर्ट चांगला येऊ दे.

अशात कंपनीने सगळ्यांना भुकटीची पाकिटं दिली, घरी करून बघा म्हणून. ॲनिशाने भुकटी पाण्यात भिजवली, साखर घालून फेटली. पांढराशुभ्र फेस वर आला. मटिल्डा केकच्या ऑर्डरी घेते, म्हणून तिने आईला हाक मारली, फेस पुरेसा घट्ट झाला का बघ. मटिल्डाने भांडं उलटं धरलं. फेस हलला नाही. मग तिने बोट बुडवून चाटलं. केक करणाऱ्या हातांना ती सवयच असते. छान आहे म्हणाली, पुन्हा बोट बुडवलं आणि विचारलं, कसलं क्रीम गं हे?

ॲनिशाने सांगितलं आणि मटिल्डाने भांडं झटकन दूर सारलं.

मग सुरू झाला माझ्यावरचा खल. मी अंडं आहे की नाही? ॲनिशा म्हणाली, कोंबडी नाही, कवच नाही, हे अंडं कसं? पण आपल्याच पाकिटावर ‘अगदी अंड्यासारखं’ छापलंय, हे तिला आठवलं. चर्चमधले फादर म्हणाले, देव मन बघतो. मटिल्डाला ते पटलं नाही. फादर सगळ्यांनाच तसं सांगतात, असं तिचं म्हणणं.

पलीकडच्या वाडीतल्या सावित्रीकाकू आल्या. व्हिन्सेंटची बोलती बंद झाल्यापासून आळीत कसं शांत वाटतंय, अशी त्यांची चेष्टा करून झाली. मग त्या मटिल्डाजवळ बसल्या.

“आमच्यात उपासाला वरीचा भात चालतो, साधा चालत नाही. का, ते कुणी विचारलंय? तूही विचारू नको.”

“पण काकू, मला ते आवडलं,” मटिल्डा म्हणाली. “चव तीच होती. मी दुसऱ्यांदा बोट घातलं.”

प्रथिन तेच, हे खरं. कोंबडी नाही, हेही खरं. दोन्ही खरं असेल तर त्या बाईचा नवस मी मोडला की नाही? माझ्यात सूचना बसवली तेव्हा हे कुणीच सांगून ठेवलं नव्हतं.

व्हिन्सेंट पडवीत लसूण सोलत बसले होते. ते उठून आत आले आणि घोगऱ्या आवाजात बोलले.

“नवस कुणासाठी होता?”

“तुम्ही बोलू नका,” मटिल्डा घाबरून म्हणाली. “डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“माझ्यासाठी होता ना? मग मी सांगतो, मोडला नाही.” त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर ते म्हणाले, “आणि तुला मोडल्यासारखा वाटत असेल, तर हे घे, माझं मौनही मोडलं. फिट्टंफाट.”

मम्मी हसत होती की रडत होती ते कळलं नाही, असं ॲनिशा संकेतला सांगत होती. पण त्या रात्री मटिल्डा जेवली, आणि नवस ईस्टरपर्यंत चालूच ठेवायचा असं तिने सांगून टाकलं.

ही चार दिवसांपूर्वीची गोष्ट. आज ॲनिशा आलेली नाही. रिपोर्ट आणायला गेली आहे. माझं तापमान आज संकेत बघतोय आणि तो काम करताना बोलत नाही. आमची साखर संपत आली आहे. संध्याकाळी टाकीला वाफ देणार.

मी अंडं आहे की नाही, ते तुम्ही माणसं सावकाश ठरवा. पण तुमच्यापैकी कुणी कामणला आलं आणि व्हिन्सेंटचा रिपोर्ट कसा आला ते कळलं असेल, तर टाकीजवळ थांबून जरा मोठ्याने सांगा. आत तेव्हा मी नसेन. पण जी असेल, ती ऐकेल.