सतरा तुकड्यांची घंटा

मी एक जुनी घंटा आहे. जुनी म्हणजे किती, असे विचाराल तर माझ्या अंगावर साल कोरलेले होते. पण मनोऱ्यातल्या कबुतरांनी त्यावर इतकी वर्षे आपले मत नोंदवले की शेवटी ते वाचता येईना.

मित्रांनो, मोठ्या घरच्या मंडळींना आपला जन्म सांगायला फार आवडतो. मला जरा अवघड वाटते. माझा साचा चिकणमातीत घोड्याची लीद कालवून केलेला होता. लिदीमुळे मातीला बारीक छिद्रे राहतात आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळते, असे जाणकार सांगतात. तेव्हा माझ्या जन्माला घोड्याचाही हातभार लागला. हातभार नव्हे, पण काहीतरी लागले खरे. बाकी चार भाग तांबे, एक भाग कथील आणि ओतणाऱ्याची प्रार्थना.

सत्तर वर्षे मी चर्चच्या मनोऱ्यात नोकरी केली. बारशाला वाजले, लग्नाला वाजले, शेवटच्या निरोपालाही वाजले. दर रविवारी माझ्या आवाजाने नवरे उठत आणि बायकांचे एक काम वाचे. परगावचे पाहुणे मान वर करून म्हणत, "काय गोड घंटा आहे!" मी ऐकून न ऐकल्यासारखे करी, पण पुढचा ठोका थोडा जास्त घुमवी.

मग चर्चच्या समितीच्या अध्यक्षांच्या मुलीचे लग्न ठरले. अध्यक्ष उत्साही गृहस्थ. घंटा झोके घेऊन वाजते, तिला दमाने झुलवावे लागते. एवढा वेळ त्यांच्यापाशी नव्हता. त्यांनी दोरी सरळ माझ्या लोलकालाच बांधली आणि सव्वा तास मला आतून बडवले. वऱ्हाड जेवायला बसले आणि माझ्या अंगातून कट्‌ असा आवाज आला. त्यानंतर "ठण्ण" म्हणायला गेले की तोंडातून "भद्द" निघू लागले.

मला खाली उतरवले आणि अंगणात नळाजवळ दोन फळ्यांवर ठेवले. मनोऱ्यात कर्णा बसला. घंटेचा आवाज त्यात भरून आणला होता. फक्त एकदा एका वृद्धाच्या अंत्यविधीला त्यातून साबणाची जाहिरात वाजली. माझ्या तड्यासाठी उपसमिती नेमली. पहिल्या बैठकीला तडा चार बोटे होता, तिसऱ्या बैठकीपर्यंत वीतभर झाला. काम पुढे सरकत आहे, अशी नोंद इतिवृत्तात झाली. मग कोणीतरी माझ्या डोक्यावर कुंडी ठेवली आणि उपसमिती विसर्जित झाली.

या काळात माझी विचारपूस करणारा एकच माणूस होता. त्याला सगळे झाडूकाका म्हणत. अंगण झाडायचा, बाके पुसायचा, मागच्या खोलीत राहायचा. दहा शब्दांत दिवस काढणारा माणूस. त्यातले सहा तो मांजराशी बोले. उपासनेला दाराबाहेर उभा राही, आत येत नसे. रोज सकाळी तो मला ओल्या फडक्याने पुसायचा आणि तड्यावर अंगठा दाबून उभा राहायचा, वैद्य नाडी बघतो तसा.

एके दिवशी अध्यक्षांनी वेल्डिंगवाला आणला. त्याने चष्मा चढवला, नळी पेटवली.

"दहा मिनिटांचं काम आहे साहेब. भेग भरतो, वरून घासतो. कुणाला कळणार नाही."

"थांब!"

मी आधी समजले, कर्णा ओरडला. पण ओरडला होता झाडूकाका. झाडू टाकून तो धावत आला आणि माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला.

"तिला वरून डाग देऊन जोडू नका. दिसायला धड होईल, पण बोलणार नाही. मोडावी लागेल. पूर्ण मोडून, वितळवून, पुन्हा ओतावी लागेल."

"तुला काय कळतं रे यातलं?" अध्यक्ष म्हणाले.

"कळतं," एवढे बोलून त्याने झाडू उचलला आणि तो निघून गेला. दहाची मर्यादा ओलांडली होती ना!

आमच्या चर्चच्या पाळक म्हणजे एक बाई. पाळकसाहेबांच्या पत्नी नव्हेत, स्वतःच पाळक. अंगाने काडी, जिभेने सुरी. त्या वेल्डिंगवाल्याला चहा पाजून वाटेला लावून आल्या आणि काकाला हाक मारून फळीच्या टोकाला बसल्या.

"बसा काका. आता सांगा, ओतारी माणूस माझं अंगण का झाडतोय?"

तो फळीच्या दुसऱ्या टोकाला बसला. मग बोलला. दोघे भाऊ, वडिलांची ओतशाळा. साचा थोरल्याने बांधायचा, ओतायचे धाकट्याने, म्हणजे याने. बारा वर्षांपूर्वी एका मोठ्या घंटेचे काम होते. गिऱ्हाईक दारात बसलेले. साचा अजून ओलसर होता. "आणखी दोन दिवस थांब," थोरला म्हणाला. "काही होत नाही रे," म्हणून याने मूस कलती केली. ओल्या मातीवर तापलेला रस पडला, आत वाफ कोंडली आणि साचा फुटून उडाला. थोरल्याचा डावा डोळा गेला.

"दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेलो, बाई. वर चढवेना. तिथून जो निघालो तो इथे. देवाच्या दारचा केर काढावा, एवढीच माझी लायकी."

"केर काढायला दुसरं कोणीही मिळेल," बाई म्हणाल्या. "आणि लायकी बघून देव माणसं घेत असता ना, काका, तर रविवारी माझी बाकं रिकामी राहिली असती. व्यासपीठसुद्धा."

"माझ्यासारखं मोडलेलं त्याच्या काय कामाचं?"

"घंटेबद्दल मघाशी काय म्हणालात? डाग देऊन चालत नाही, सगळं वितळवून नव्यानं ओतावं लागतं. मग ती ओतणाऱ्याच्या कामाची असते ना? तुमच्याबद्दल वेगळा नियम कुणी केला? आमच्या उपसमितीनं?"

काका हसला नाही. डोळे पुसायला त्याने फडके घेतले, तेही माझे.

"एवढी मोठी भट्टी आहे कुठे जवळपास?" बाईंनी विचारले.

"आहे," तो अगदी हळू म्हणाला. "एकच. आमच्या घरची."

दुसऱ्या दिवशी त्याने घण उचलला. "माफ कर गं," मला म्हणाला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मी फार घाबरले. आठ घावांत माझे सतरा तुकडे झाले आणि सतराही तुकडे एकदमच घाबरले. पण मारणाऱ्याचे डोळे भरलेले असले की घाव वेगळा लागतो, एवढे त्या दिवशी कळले.

पोत्यांत घालून आम्हाला ओतशाळेच्या दारी नेले. बाई बरोबर होत्या. काकाने कडीला हात लावला, मागे घेतला, पुन्हा लावला. पाचव्या खेपेला बाईंनीच कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून जाडा आवाज आला.

"मी," काका खालच्या आवाजात म्हणाला.

आतला हातोडा थांबला. "मी म्हणजे कोण? बारा वर्षांत नाव विसरलास का स्वतःचं?"

दार उघडले. थोरला उंच होता. चष्म्याची एक काच काळी. काकाची मान खाली.

"दादा, माझ्यामुळे तुझा डोळा..."

"गेला. परत आणलायस का पोत्यातून?"

"नाही."

"मग आत ये. दार उघडं राहिलं की भट्टी गार होते."

"तुला राग नाही आला?"

"आला ना! चार वर्षं रोज आला. मग देवाशी भांडलो, म्हटलं, हा राग घे बाबा, मला आता झेपत नाही. त्यानं घेतला. पण तू काही येईनास." त्याने भावाची हनुवटी धरून तोंड वर केले. "अर्धंच दिसतंय. पण तेवढ्यातही म्हातारा झालायस."

आतून वहिनी आली. "दारातच उभं करणार का त्याला? भावजी, बारा वर्षं ताट झाकून ठेवलंय असं समजू नका. आहे त्यातलं वाढते. हात धुवा."

काका जेवला. जेवताना रडला, आणि वहिनी म्हणाली, "मीठ आधीच बरोबर पडलंय, आणखी नको."

पण खरी गाठ पुढेच होती.

"साचा मी बांधतो. ओतायचं तू," थोरला म्हणाला.

"मी? मी नाही. माझे हात बघ कसे थरथरतात."

"आणि माझं बघ. एका डोळ्याला खोली कळत नाही. धार साच्याच्या तोंडात पडतेय की माझ्या पायावर, ते पडल्यावर कळतं. बारा वर्षं मी नुसत्या कड्या आणि मुठी ओततोय. मोठ्या कामाला तू लागतोस. तू ओतणार नसशील, तर ही सतरा हाडं घेऊन परत जा."

 संध्याकाळी काका माती कालवायला बसला. लिदीची पाटी जवळ आली तेव्हा मला घरी आल्यासारखे वाटले.

साचा उभा राहिला. त्याच्या पोकळीत निखारे ठेवून तो वाळवायला घेतला. काका रोज सकाळी त्याला गाल लावून बसे. ओल गालाला कळते म्हणे. सातव्या दिवशी थोरल्याने बोटाने वाजवून पाहिले. "झाला कोरडा. ओतू या."

"आणखी दोन दिवस," काका म्हणाला.

थोरल्याने त्याच्याकडे पाहिले आणि असा हसला, असा हसला, की वहिनी लाटणे घेऊन बाहेर आली.

नवव्या दिवशी आम्ही सतरा जण मुशीत उतरलो. वितळताना काय वाटते ते सांगता येत नाही, कारण सांगायला "मी" अशी कोणी उरलेली नव्हती. माझी ऐट गेली, पाहुण्यांची स्तुती गेली, तडाही गेला. नुसता लाल रस उरला. थोडे ताजे कथील घातले, बाकी सगळी मीच.

काका मुशीपाशी उभा राहिला.  त्याने डोळे मिटले.

"देवबापा, धातू तुझा, आग तुझी. हात तेवढे माझे आहेत, आणि ते कामाचे राहिले नाहीत. मी मोडलं, ते मला जोडता येत नाही. तू जोड. प्रभू येशूच्या नावानं मागतो."

"आमेन," थोरला म्हणाला. "आता ओत. रस थंड होतोय."

मित्रांनो, हात थरथरायचे थांबले नाहीत. मी त्या धारेतच होते, मला माहीत आहे. पण धार सरळ पडली. पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत साच्याच्या तोंडात, बरोबर मधोमध. साच्याच्या छिद्रांतून वाफ शहाण्यासारखी सुस्कारत निघून गेली. हा चमत्कार होता की नाही, याचा निर्णय कोणत्याही समितीने दिलेला नाही. दोघे भाऊ मात्र गुडघ्यांवर बसले होते.

तीन दिवस निवाल्यावर साचा फोडला, मला साखळीला टांगले आणि लाकडी मोगरीने काकानेच पहिला ठोका दिला.

काय सांगू! आवाज भिंतीतून गेला, गल्लीतून गेला. समोरचा चांभार खिळा तोंडात धरून बाहेर आला, दोन सायकलवाले उतरून उभे राहिले. पूर्वीपेक्षा सूर खाली उतरला होता आणि दुप्पट लांब चालत होता. थोरला डोळा मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला. "आत्ता," तो म्हणाला, "पूर्ण दिसलास."

रविवारी मी पुन्हा मनोऱ्यात चढले. कर्णा उतरला. उपासनेला गर्दी मावेना. अध्यक्षांनी भाषणात सांगितले, की आपण घंटा फोडली नसती तर हा दिवस उगवलाच नसता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण बोलणे अगदीच खोटे नव्हते. काका दाराबाहेर नव्हता. दुसऱ्या बाकावर, दादा आणि वहिनीच्या मध्ये बसला होता, आणि इतक्या मोठ्याने गात होता की बाईंना दोनदा ताल धरून द्यावा लागला. तो ओतशाळेत परतला, झाडूची जागा अजून रिकामी आहे. समिती योग्य उमेदवाराच्या शोधात आहे.

मित्रांनो, मला ओतताना जुने काही फेकले नाही. ज्या धातूला तडा गेला होता तोच आज वाजतो आहे. देवाचे काम मी असे आतून पाहिले आहे, म्हणून एक विनंती करते. मोडलेल्या वस्तूवर आणि मोडलेल्या माणसावर कुंडी ठेवू नका. त्याला वरवरचा डागही देऊ नका. ज्याने घडवले त्याच्याकडे घेऊन जा. भट्टीपर्यंत सोबत करा. आणि तुमच्याच दारात कोणी येऊन खालच्या आवाजात "मी" म्हणाले, तर कोण ते जरूर विचारा. पण कडी काढता काढता विचारा.

बरे, खाली दोरी हलली. काकाच आहे, दर रविवारी येतो आणि दमाने झुलवतो. आता मला मोठ्याने बोलायचे आहे. कान नाजूक असतील त्यांनी झाकून घ्यावेत.