मेडेरचं पॅनेल

उमसुनायचं पत्र येऊन अकरा आठवडे झाले होते. जोरोबेक मास्तरांनी ते भौतिकशास्त्राच्या जुन्या पुस्तकात दडवलं होतं आणि तेव्हापासून ते पुस्तक उघडलंच नव्हतं.

पत्र छोटं होतं. "मास्तर, तुम्ही बाजारात सांगितलंत तशीच तिन्ही सोलर पॅनेलं एकामागून एक जोडली. थोरल्या पोरानं दिलेली दोन मोठी आणि मधे मेडेरचं. पण ह्यांचं श्वासाचं यंत्र दुपारीच बंद पडतं. काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा मास्तर संकोचानं "एकामागून एक जोडा" एवढंच बोलून सटकले होते. पॅनेलं सारखी आहेत का, हे विचारलंच नाही. एका रांगेत जोडली की सगळ्यात दुबळ्या पॅनेलमधून वाहील तेवढीच वीज बाकीच्यांतून वाहणार. चाळीस वर्षं वर्गात हेच तर शिकवलं होतं. आणि दुबळं पॅनेल मेडेरचं. रशियात बांधकामावर गेलेल्या त्या पोरानं पहिल्या पगारातून पाठवलेलं. पोरगा स्वतः परतला तो पेटीतून.

ते काढून टाका, असं त्या आईला कसं लिहायचं?

"चार पानं आकडेमोड?" बायकोनं, सुयुमकाननं, कागद उचलला. "तिला परीक्षेला बसवताय का?"

"माझी चूक नीट समजावून सांगतोय."

"तुमची चूक एका ओळीत मावेल. तिकडे तिचा नवरा, अब्दिकालिक, धापा टाकतोय. असलाच तर."

'असलाच तर' ऐकून मास्तरांनी आकडेमोड बाजूला सारली. त्यांनी नवा कागद घेतला.

"उमसुनाय, मी अर्धवट सांगितलं. चूक माझी आहे. रांगेत फक्त मोठी दोन ठेवा, यंत्र त्यांच्यावर चालवा. मेडेरच्या पॅनेलला वेगळी छोटी बॅटरी जोडा आणि त्यावर बापाच्या उशाशी दिवा लावा. बॅटरी सोबत पाठवतोय."

पाकिटावर नाव कुणाचं? अब्दिकालिकचं लिहावं आणि तो नसला तर? ती जागा त्यांनी कोरीच ठेवली.

उमसुनायच्या गावाला, रंगकूलला, जाणारी जीप मुरगाबच्या बाजारात उभी होती. कुबान ड्रायव्हर टपावर पिठाची पोती बांधत होता.

"काय मास्तर, आज पुस्तक सोडून बाहेर?"

"कुबान, तो अब्दिकालिक..."

"परवा उन्हात बसवला होता. मला शिवी घातली त्यानं. अर्धीच. मग दम लागला."

मास्तरांनी जीपच्या दारावर पाकीट टेकवलं आणि आधी अब्दिकालिकचं नाव लिहिलं, मग उमसुनायचं. पिशवीतून बॅटरी काढून सीटवर ठेवली.

"ही तर तुमच्या वाचायच्या दिव्याची! आता वाचणार कशावर?"

"दिवसा वाचीन."

कुबाननं पत्र समोरच्या काचेपाशी खोचलं आणि बॅटरी चादरीत गुंडाळली. जीप वळणाआड जाईपर्यंत मास्तर टोपी हातात घेऊन उभे होते.