वन्संची गिटार कडक का झाली

आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही. जो तो दुसऱ्याचं भलं गुपचूप करून मोकळा होतो आणि वर ताकास तूर लागू देत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, किती समजूतदार माणसं! आता माझं मत वेगळं आहे.

आमच्या वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली आणि दर शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलात चौघांच्या बँडमध्ये वाजवत आल्या. बाकीचे तिघे पुरुष. तिघांचीही पोटं सुटलेली आणि तिघेही वन्संना टरकून असतात. घरात मात्र त्यांचा आवाज कधी चढत नाही. नियम एकच, गिटारीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. धूळसुद्धा त्या स्वतः पुसतात, आणि मी पुसू का म्हटलं की अशा बघतात की फडकं हातातच राहतं.

थंडीत मोरीत पाय घसरून त्या पडल्या आणि डावं मनगट मोडलं. डावा हात म्हणजे तारा दाबायचा हात. प्लास्टर निघाल्यावर रबरी चेंडू दाबायचा व्यायाम सांगितला होता. तो मी त्यांच्याकडून रोज करून घेतला. त्या दाबायच्या, मी ओरडायची. शेवटी दवाखान्यातली व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "आजी, हात अगदी छान भरून आलाय. आता वाजवा बिनधास्त."

आजी म्हटल्याचा राग गिळून वन्सं घरी आल्या आणि त्यांनी गिटार मांडीवर घेतली. आम्ही तिघंही समोर. मी, हे आणि आमची लेक चिमणी. चिमणी नुकतीच नोकरीला लागलीय, पण नाव काही मोठं झालेलं नाही. वन्सं थोडं इकडचं तिकडचं वाजवत राहिल्या. मग त्यांनी बेंड घ्यायला बोट लावलं. बेंड म्हणजे दाबलेली तार तशीच वर ढकलायची, म्हणजे सूर चढत जातो. वन्संनी बेंड घेतला की हॉटेलातली माणसं हातातले चमचे खाली ठेवतात. त्या दिवशी तार जेमतेम हलली आणि बोटाखालून सटकली.

"होईल हळूहळू," वन्सं म्हणाल्या.

झालं नाही. रोज दुपारी त्यांच्या खोलीतून तोच सूर अर्ध्यावर चढायचा आणि तिथेच लटकायचा. बोटांची टोकं लाल व्हायची. माझा जीव तुटायचा, पण विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही गं." मग एका सकाळी चहाचा कप द्यायला गेले तर त्या ड्रमवाल्याशी फोनवर बोलत होत्या. "माझ्या जागी दुसरा माणूस बघा. या शनिवारपासूनच बघा. माझा हात गेला."

एवढं सहज म्हणाल्या, जणू गॅस संपला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेला कसा हात? त्याच हाताने काल त्यांनी घट्ट बसलेलं बरणीचं झाकण फिरवून दिलं होतं, तेही मी हात टेकल्यावर! हात बरा असेल तर खोट गिटारीत असणार, एवढं कळायला मला वाजवता यायची गरज नव्हती. वन्सं तपासणीला गेल्या तशी मी नियम मोडला. गिटार पिशवीत घातली आणि दुरुस्तीच्या दुकानात नेली. म्हणजे मीसुद्धा गुपचूपच. या घराचं पाणी मलाही लागलंय.

दुरुस्तीवाले काका टेबलाशी वाकून बसले होते. त्यांनी गिटार उताणी ठेवून तारांवरून नुसता अंगठा फिरवला आणि चष्मा वर केला.

"या तारा कुणी लावल्या?"

"त्यांच्याच असतील."

"छे. या गिटारीच्या तारा त्या माझ्याकडूनच नेत आल्यात. या भलत्याच जाड आहेत. जाड तार सुरात आणायला जास्त ताणावी लागते, मग ती कडक लागते. आणि एवढ्या ताणाने हा लांब दांडा, ही मान बघा, थोडी पुढे ओढली गेलीय." त्यांनी गिटार डोळ्यासमोर धरून मला मानेवरून बघायला लावलं. "म्हणून तारा लाकडापासून उंच गेल्यात. दाबायलाही जोर, ढकलायलाही जोर."

मग त्यांनी गिटार पालथी केली, मागचं झाकण काढलं आणि हसायलाच लागले.

"बाई, तुमच्या घरात कुणी मेकॅनिक आहे का?"

"आमचे हे. लिफ्टची कामं करतात. का?"

"वाटलंच. तारा ज्याला अडकवलेल्या असतात ना, तो ब्रिज. या गिटारीत तो थोडा अधांतरी असतो. पुढून तारा ओढतात, मागून या स्प्रिंगा ओढतात, म्हणून तार ढकलली की तोही जरासा झुकतो आणि बोटाला मऊ वाटतं. इथे स्प्रिंगा अशा आवळल्यात की ब्रिज लाकडाला टेकून बसलाय. आता हत्ती आला तरी हलायचा नाही."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या यांचा स्क्रूड्रायव्हर नाचायला लागला.

"मग सगळं नीट करून द्या," मी म्हटलं.

"नेहमीच्या तारा हव्यात की याच, ते त्यांना सांगू दे. तारा ठरल्या की मान, स्प्रिंगा, उंची सगळं त्याप्रमाणे बसवायचं. उद्या त्यांना घेऊन या." मग झाकण लावता लावता म्हणाले, "एक नवल वाटतं हो. एवढं वाजवलेल्या बाईला तारा बदलल्यात हे बोट लावताक्षणी कळलं असणार. बोलल्या कशा नाहीत?"

हे ऐकलं आणि मी पैसे किती होतील ते विचारायचंच विसरले. माझ्या बाबतीत असं फारसं होत नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला मी गिटार टेबलावरच आणून ठेवली, भांड्यांच्या मधोमध. वन्संचा हात वाटीवर थबकला.

"तारा कुणी बदलल्या?" मी विचारलं.

चिमणीने मान खाली घातली. "मी. पहिला पगार झाला ना, म्हटलं आत्याचं प्लास्टर निघायच्या आत सरप्राइज द्यावं. दुकानातला म्हणाला, जाड घ्या, तुटत नाहीत. मला वाटलं, आत्याला दुखऱ्या हाताने सारख्या बदलाव्या लागणार नाहीत."

"आणि स्प्रिंगा?"

यांनी आमटीची वाटी पुढे ओढली. मी चमचा वाजवल्यावर म्हणाले, "अगं, एक दिवस बघतो तर ब्रिज मागून वर उचललेला. मला वाटलं निखळायला आलाय. ताई वाजवता वाजवता उडाला असता तर? आमच्याकडे अशी वस्तू दिसली की आम्ही आधी आवळतो."

"अरे, तो जाड तारांनी उचलला होता!" वन्सं म्हणाल्या. "तो असतोच अधांतरी!"

"मला काय माहीत. हात लावायचा नाही म्हणून विचारताही येईना."

चिमणी रडकुंडीला आली. "आत्या, म्हणजे तुला माझ्या तारांनी…"

"तुला काही नाही म्हणत मी," वन्सं घाईघाईने म्हणाल्या.

इथे माझा तोल गेला. "नाही म्हणत, तेच तर! वन्सं, तारा जाड आहेत हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खरं सांगा."

त्यांनी गिटारीची एक तार बोटाने दाबून सोडली. मग म्हणाल्या, "कळलं होतं. बोट लावलं आणि कळलं. पण पोर समोर उभी होती, चेहरा असा फुललेला, कुणाचं काम तेही कळलं. तिला काय सांगू, चुकलीस म्हणून? आणि नुसत्या तारांनी गिटार एवढी कडक होत नाही, हेही मला ठाऊक होतं. स्प्रिंगांचं डोक्यातच आलं नाही. ब्रिजकडे मी बघितलंच नाही. मी आपली माझ्या हाताकडे बघत बसायची. म्हटलं, थोडं तारांचं असेल, बाकी हातच गेलाय. हात गेलाच आहे, तर मग तिच्या तारा कशाला काढायच्या?"

एका पोरीचं मन राखायला ही बाई गिटार सोडून द्यायला निघाली होती आणि तेही आम्हाला न सांगता. मला त्यांचा राग आला आणि तितकीच मायाही आली. शेवटी मी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

"नको गं एवढा," त्या म्हणाल्या.

"गप्प जेवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही त्या छोट्या दुकानात गर्दी करून उभे होतो. जाड तारा चिमणीनेच सोडवल्या, काकांनी दाखवलं तशा, एकेक सैल करत. काढलेल्या तारांचं वेटोळं ती टोपलीत टाकणार, तोच वन्संनी हात पुढे केला. "इकडे दे. माझ्या आहेत त्या." आणि पर्समध्ये नीट ठेवून दिल्या. काकांनी नेहमीच्या तारा चढवल्या, मान सरळ केली आणि मागचं झाकण उघडून यांच्याकडे बघत एकेक स्प्रिंग ढिली केली. हे अपराधी चेहऱ्याने स्क्रू मोजल्यासारखं करत उभे होते.

वन्संनी गिटार घेतली. दुकानाच्या कोपऱ्यातल्या लहानशा अँपला वायर जोडली आणि डोळे मिटले. पहिल्यांदा बोट सुराच्या किंचित खाली थांबलं. त्यांनी खांदा सैल केला, तिसऱ्या बोटाला दुसऱ्याचा टेकू दिला आणि पुन्हा तार ढकलली. सूर चढला, चढत गेला, जिथे पोचायचा तिथे पोचला आणि तिथे थरथरत उभा राहिला. त्यांनी तो सोडलाच नाही. काकांनी हातातला पाना खाली ठेवला.

सूर विझला तेव्हा वन्संचे डोळे वाहत होते. त्या माझ्याकडे वळल्या. "हात आहे गं," त्या म्हणाल्या. "माझा हात आहे."

"मी केव्हाची सांगतेय," मी म्हटलं.

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, चिमणीकडून फोन मागून घेतला आणि ड्रमवाल्याला लावला. पलीकडून तो काहीतरी अडखळत सांगत होता. दुसरा गिटारवाला ठरला होता म्हणे, शनिवारी येणार होता.

"येऊ दे की," वन्सं म्हणाल्या. "त्याला पुढच्या टेबलावर बसवा. ऐकेल."