शेंदरी कॅलिपर

खंडेनवमीच्या सकाळी शिवराजनं मुकुंदवाडीतल्या अंगणात गाडी विटांवर चढवली, पुढची चाकं काढली, ब्रेकचे दोन्ही कॅलिपर सोडवले अन् घासूनपुसून झकास शेंदरी रंगवले. संध्याकाळी बायकोला, प्रेरणाला, लासूर स्टेशनला माहेरी न्यायचं होतं. "तासाभराचं काम हाय," असं तिला ऐटीत सांगून, रंग वाळेस्तोवर तो आंघोळीला गेला.

बाहेर येऊन बघतो तर त्याची माय, सरूबाई, पाटापुढं हात जोडून बसलेली. पाटावर त्याचे सगळे पाने, पक्कड, हातोडी अन् मधोमध दोन कॅलिपर. ओल्या रंगात हळदकुंकू, तांदूळ अन् झेंडूच्या पाकळ्या पार रुतलेल्या.

"माय, हे कशाला मांडलं?"

"तूच शेंदूर लावून ठेवले व्हते. मला वाटलं, देव हायेत."

"बरं, पाने तरी दे. गाडी जोडायचीय."

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाय. उद्या दसऱ्याला उचल."

शिवराजनं आशेनं प्रेरणाकडं पाहिलं. तिनं पिशवी काखेला मारली, कॅलिपरांना वाकून नमस्कार केला अन् फाटक उघडलं.

"मी रेल्वेनं जाते," ती म्हणाली. "तिचे ब्रेक तिच्यापाशीच असतात."