शाळेमागचा ड्रम

मित्रांनो, डांबराचा जुना ड्रम, एवढीच माझी ओळख. धुळ्याकडच्या रस्त्याचं काम संपलं आणि मी जळगावच्या एका शाळेत आलो. चित्रकलेच्या बाईंनी मला पिवळा रंग दिला, पोटावर 'कचरा इथेच टाका' असं लिहिलं. पाहुणे माझं कौतुक करत. मीही जरा फुगलो होतो.

पुढे स्वच्छतेच्या तपासणीसाठी एक हिरवा आणि एक निळा असे दोन नवे डबे आले. वरचं प्लास्टिकसुद्धा न काढता ते कार्यालयासमोर मांडले. वरून कीर्तन, आतून तमाशा! मला मात्र मुतारीमागे नेलं. घंटागाडी सकाळी आठला येऊन जाते आणि शाळेचं फाटक उघडतं साडेदहाला. म्हणून सगळा कचरा माझ्यात जाळायचा, असं ठरलं. ते काम बेबाबाईंचं. वीस वर्षं त्या इथे झाडू मारत होत्या. धुराने चुरचुरणारे डोळे चोळत म्हणायच्या, "भाऊ, तुना बी जलम असाच गया." मला भाऊ म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

दहावीच्या निरोप समारंभात मुलांनी फेसाचे फवारे उडवले. त्या फवाऱ्यांचे पत्र्याचे डबे कागदी ताटल्यांबरोबर माझ्यात पडले. दुसऱ्या दिवशी तपासणी होती.

"सर, येमा बठ्ठा कागद नही शे, डबाबी शेतस," बेबाबाई म्हणाल्या. "मी निवडी काढस."

"कागदातून डबे निवडत कधी बसणार? पाहुणे सकाळीच येतील. पेटवून टाका, बाई," मुख्याध्यापक म्हणाले.

बेबाबाईंनी काडी ओढली. थोड्याच वेळात एक डबा तापून फुटला आणि त्याचा पत्रा त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसला. माझ्याच पोटातून उडाला तो, मित्रांनो. उकळतं डांबर मी सोसलं होतं, पण ती किंकाळी मला सोसवली नाही. त्यांचा डोळा गेला. सकाळी शिपायाने रक्तावर माती टाकली आणि शाळेला स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र मिळालं. डबे टाकणारी मुलं काही वाईट नव्हती. पास होऊन ती निघून गेली, त्यांना कुणी काही सांगितलंच नाही.

आता बेबाबाईंच्या जागी त्यांची सून रत्ना येते. काल पाचवीत कुणाचा तरी वाढदिवस झाला. आज माझ्यात केकचे खोके आहेत, आणि त्यांच्याखाली फेसाचा एक डबा. रत्नाला तो दिसलेला नाही. चार वाजता ती काडेपेटी घेऊन येईल. मला तो डबा बाहेर फेकता येत नाही, ओरडताही येत नाही. तुम्हाला येतं. मधली सुट्टी अजून संपलेली नाही, मित्रांनो. कुणीतरी मागे या. निदान रत्नाला तेवढं सांगा.