जुलेखाबीची मय्यत आणि हादियाची गाडी

जुलेखाबी वारली हे मला कळलं तेव्हा मी खिडकीत बसून बोंबील साफ करत होते.

"हव्वाखाला, हादियाची काळी मोटरसायकल जरा पुढं लावतो. चावी द्या," गजांच्या पलीकडून आवाज आला.

पंचविशीतला पोरगा. डोक्यावर पांढरी टोपी, कोरलेली दाढी, अत्तराचा वास असा की बोंबलांचा वास मागं सरला.

"का रे? कुणाचा टेम्पो आलाय?"

"टेम्पो नाही, खाला. अँब्युलन्स येतेय. जुलेखाबींची मय्यत आणतायत हॉस्पिटलातून. गल्लीत वळायला जागा नाही."

हातातला बोंबील ताटात पडला. तोंडातून इन्ना लिल्लाहि निघालं आणि त्याच ओल्या हातानं मी खिळ्यावरची चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. वर म्हणाले, "लवकर कर बाबा. मय्यतीला खोळंबा नको."

आता आमची गल्ली कशी आहे ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारीला अक्कल नव्हती. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात घरं पणजोबांच्या वेळची आणि गाड्या कुवेत-कतारच्या पैशाच्या. दोन्ही बाजूंना मोटरसायकली लागल्या की मध्ये एक बकरी जाईल एवढी वाट उरते. हँडल लॉक केलेली गाडी ढकलायला गेलं तर ती गोल फिरते, पुढं जात नाही. म्हणून माझ्या खिडकीच्या चौकटीला खिळ्यांची रांग आहे. जो तो गाडी लावतो, चावी माझ्याकडे टांगतो. कुणाची वरात असो, कुणाचा फ्रिज असो, वाट हवी त्यानं खिडकीशी यायचं, चावी घ्यायची, गाडी सरकवायची, चावी परत. मैना कोळीण मासळीची रिक्षा घेऊन येते, ती तर नाक्यावरूनच ओरडते, "खाले, चावी दे गो, माजी रिक्षा अरकली हाय!"

मी चौथीसुद्धा पास नाही. पण कुठली चावी कुणाची, हे मला डोळे मिटून कळतं. मशिदीतलं घड्याळ मागं पडेल, माझी खिडकी चुकणार नाही, असं लोक म्हणत. म्हणत होते.

आणि जुलेखाबीचं म्हणाल, तर तिचं माझं बोलणं बंद. तिच्या मुलीच्या लग्नात मी हातानं तांदळाची सांदणं वाफवून पाठवली, तर ही बया भरल्या बायकांत म्हणाली, "हव्वाची सांदणं खाडीत टाका, बंधारा होईल." तेव्हापासून तिच्या दारावरून जाताना मी मान दुसरीकडे करते. मग ती आजारी आहे, हॉस्पिटलात आहे, हे मला कोण सांगणार? जिच्याशी आपण बोलत नाही तिची खबर आपल्याला शेवटचीच कळते. तशीच ही कळली, असं मला वाटलं.

हात न धुता पांढरी ओढणी घेतली आणि निघाले. खोटं कशाला बोलू, वाटेत रडले. चांगली हमसून रडले. चप्पल दाराशीच राहिली होती, तेही तिच्या पायरीवर पोचल्यावर कळलं. दार वाजवलं.

दार जुलेखाबीनं उघडलं.

हातात वाटणाची वाटी, तोंडात पान. मी किंचाळले. ती माझ्यापेक्षा मोठ्यानं किंचाळली.

"काय गं हव्वा? कोण मेलं?"

"तू!"

"मी?" तिनं एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा माझ्या अनवाणी पायांकडे. "कधी?"

तिच्या अंगणात खुर्च्या नाहीत, माणसं नाहीत, अँब्युलन्सचा पत्ता नाही. कुकरची शिट्टी तेवढी वाजली. आणि त्या शिट्टीबरोबर मला चावी आठवली. मी मागं फिरले, या वयात पळाले.

दारासमोर हादियाच्या गाडीच्या जागी तेलाचा डाग होता. बाकी काही नाही.

हादिया माझी नात. तिचा बाप, माझा अब्दुल्ला, कुवेतला. पोरगी तळोज्याला रसायनाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे, पांढरा कोट घालते. मोटरसायकल तिनं स्वतःच्या पगारातून घेतली. मुलीच्या जातीनं स्कूटी घ्यावी, असं सगळा मोहल्ला म्हणाला. ती म्हणाली, तळोज्याच्या खड्ड्यात स्कूटीचं चाक गेलं की ते काढायला क्रेन लागते. अब्दुल्लानं एकाच अटीवर हो म्हटलं होतं: स्वतःच्या गाडीनं जायचं, गाडीनं यायचं. कळंबोलीच्या नाक्यावर ट्रकवाल्यांच्या गर्दीत बससाठी उभी राहिलेली मला चालणार नाही. ज्या दिवशी गाडी नाही, त्या दिवशी नोकरी नाही. मुंब्र्याचं स्थळ तयार आहे.

त्या दिवशी तिची सुट्टी होती. झोपेतून उठून ती दारात आली, डाग बघितला, माझं ऐकलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दादी, त्याला माझं नाव कसं माहीत?"

"तेच तर! घरातला असल्यासारखा म्हणाला, हादियाची काळी गाडी."

"दिवसभर खिडकीतून कोण ओरडतं? 'हादियाची काळी काढा, नाक्याच्या चहावाल्याची लाल सरकवा.' दोन दिवस कोपऱ्यावर चहा पीत बसलं तरी सगळी गल्ली पाठ होईल."

मी खिडकीतलं बोंबलांचं ताट उचलून आत नेलं.

ती तडक पोलीस ठाण्यात गेली, दारातली गाडी चोरीला गेली एवढीच तक्रार दिली. तिथूनच विमा कंपनीला फोन केला. घरी आली ती पांढरी पडून. "दादी, विमा आहे, चोरीचाही आहे. पण ते दोन्ही चाव्या मागतायत."

"एक दे."

"दोन्ही लागतात. गाडी चोरीला गेली म्हणजे चावी आपल्याकडेच असायला हवी. चावी आपणच दिली असली तर ते म्हणतात, तुम्ही गाडीची काळजी घेतली नाही. पैसे मिळत नाहीत."

"मी दिली कुठं? मी मय्यतीसाठी दिली!"

"पॉलिसीत मय्यत नाहीये, दादी."

त्या संध्याकाळी एकेक जण खिडकीशी आला. कुणी नजर वर केली नाही. "खाला, चावी घेऊन जातो. नाही म्हणजे, गावाला जायचंय." दुसरा म्हणे, सर्व्हिसिंगला टाकायचीय. सगळ्या मोहल्ल्याला त्याच दिवशी गाव आठवलं. दिवे लागले तेव्हा चौकटीत नुसते खिळे. आयुष्यभर लोकांनी मला दात दाखवले नाहीत, ते त्या दिवशी माझ्याच खिडकीनं दाखवले.

हादियानं मला पढवलं. "कंपनीचा माणूस येईल चौकशीला. म्हणायचं, दुसरी चावी मागंच हरवली होती. एवढंच. दादी, ऐकतेस ना? हे पैसे आले तर दुसरी गाडी. नाहीतर अब्बा तिकीट काढून येतायत स्थळ बघायला."

मी मान हलवली. पोरीच्या नोकरीपुढं माझं खरं बोलणं काय मोठं? पण धास्ती वेगळीच होती. अनवाणी, रडत मी कुठं गेले होते आणि का, हे एका बाईला पक्कं ठाऊक होतं. ती सांदणांवरून एवढी बोलते, हे सोडेल?

माणूस आला. अवधूत नाव. भला दिसला, पाठीला बॅग, उन्हानं तांबडा झालेला. चहा घेतला, गाडी उभी असायची ती जागा बघितली, फोटो काढले. म्हणाला, "शेजारी विचारून आलोय. त्या टोकाच्या घरातल्या आजी..."

माझा जीव कानात आला.

"त्यांना विचारलं, त्या दुपारी काय पाहिलंत. म्हणाल्या, मला काही विचारू नका, त्या दुपारी मी मेले होते." तो हसला. "वय झालंय त्यांचं."

मी हसले नाही. जुलेखा माझ्यासाठी गप्प राहिली? जुलेखा?

"बरं, दोन्ही चाव्या?"

हादियानं एक पुढं केली. "दुसरी मागंच हरवली होती."

"हरवली तेव्हा तक्रार दिली होती?"

"नाही."

"लॉक बदललं? कंपनीला कळवलं?"

"नाही."

त्यानं लिहायचं थांबवलं. आवाज मऊच होता, पण शब्द सुरीसारखे. "मॅडम, रागावू नका, मला विचारावं लागतं. लॉक तुटल्याची खूण नाही, तुटका तुकडा नाही, काही नाही. गाडी चावीनं गेलीय. अशा केसमध्ये बहुतेक वेळा दुसरी चावी कुणा मित्राकडे असते. घरात सांगता येत नाही, मग चोरी झाली म्हणतात. तुमची दुसरी चावी कुणाकडे होती?"

हादियाचे कान लाल झाले. ती खाली बघायला लागली, आणि खाली बघणारी पोरगी गुन्हेगारच दिसते.

माझ्या घरात, माझा चहा पिऊन, माझ्या नातीचं नाव एका मित्राशी जोडलं जातंय. हा कागद कंपनीत जाईल, कंपनीतून कुठंही जाईल. मी उठले.

"ए बाळा. इकडं बघ. चावी मी दिली."

"दादी!" हादिया ओरडली.

"गप्प बस. लिही रे. हव्वाबीनं दिली. या हातानं. बोंबलाच्या हातानं. एक टोपीवाला आला, म्हणाला जुलेखाबीची मय्यत येतेय, गाडी बाजूला घेतो. मी खिळ्यावरून काढून दिली. पोरगी आत झोपली होती. तिला मित्र नाही, तिला झोपायला वेळ नाही!"

त्यानं पेन बाजूला ठेवलं. "आजी, हे लिहिलं तर क्लेम जाणार. कुलूप तोडून नेली असती तर गोष्ट वेगळी. तुम्ही चावी स्वतःहून दिलीत."

"मग काय करायला हवं होतं? मय्यतीला सांगायचं, थांब बाई, आधी ओळखपत्र दाखव?"

"कंपनीच्या दृष्टीनं, हो."

लाज वाटली त्यालाही, दिसत होतं. दाराशी खाकरण्याचा आवाज झाला. जुलेखाबी उभी होती. कधीपासून, अल्ला जाणे.

"लिही, तेही लिही," ती म्हणाली. "मी मेले नव्हते, पण मेले असते तर या गल्लीतल्या सगळ्या गाड्या हिनंच हलवल्या असत्या. हे कुठल्या रकान्यात येतं?"

तो म्हणाला, असा रकाना नाही. पण त्यानं लिहून घेतलं सगळं. जाताना हादियाला म्हणाला, "मॅडम, मित्राचं बोललो ते विसरा."

पुढच्या आठवड्यात फोन आला. क्लेम नामंजूर. हादियानं फोन ठेवला, पांढरा कोट धुतलेला दोरीवर होता, तो काढून घडी करायला लागली. पुन्हा पुन्हा तीच घडी. त्याच रात्री अब्दुल्लाचा फोन: येत्या महिन्यात येतो, मुंब्र्याला कळवलंय.

सकाळी खिडकीशी सावली पडली. जुलेखाबी. ओढणीच्या टोकाला काहीतरी बांधलेलं. गाठ सोडली तर दोन चाव्या.

"शाहीद कतारला गेल्यापासून गाडी ताडपत्रीखाली मरतेय," ती म्हणाली. शाहीद तिचा नातू. "त्याला रात्री विचारलं. म्हणाला, हादियाला दे. विमा चालू आहे, कागद आत आहेत. दोन्ही चाव्या तिच्या हातात दे. तुझ्या खिळ्याला नको."

चाव्या हातात घेतल्या आणि कुवेतला फोन लावला.

"अब्दुल्ला, तिकीट काढू नकोस. पोरीकडे गाडी आहे."

"कुणाची?"

"घरची."

"कुणाच्या घरची, अम्मी?"

"जुलेखाच्या."

"तुमचं तर बोलणं बंद आहे ना?"

"ती मेली तेव्हा भांडणही मेलं. आणि तुझी अट गाडीची होती, गाडी आहे. गाडी कुणाच्या नावावर, असं तू म्हटलं नव्हतंस. मीही अटी वाचायला शिकलेय आता."

मग म्हणाला, "हेल्मेट घालायला सांग तिला." आईला पोराचं हो कळतं.

हादिया कोटाची पिशवी अडकवून निघाली. गल्ली तुंबलेली होती, चाव्या ज्याच्या त्याच्या खिशात, ज्याचे ते कामावर, आणि मैना रिक्षात उभी राहून बोंबलत होती, "खाले, आता चावी कुनाकरं मागू गो?" मी आणि जुलेखा बाहेर आलो, एकीनं पुढचं चाक धरलं, एकीनं मागचं, आणि वाटेतली चहावाल्याची लाल गाडी मागून उचलून उचलून भिंतीला टेकवली. हादिया गेली. मैना गेली. आम्ही दोघी धापा टाकत पायरीवर बसलो.

"हव्वा," जुलेखा म्हणाली, "खरं सांग. त्या दिवशी अनवाणी रडत का आली होतीस?"

"रडत कोण आलं? खात्री करायला आले होते."

"मग झाली खात्री?"

"कुठं! अजून बोलतेस की. उद्या परत येईन."

"ये," ती म्हणाली. "सांदणं मात्र आणू नकोस."